पाणी तयार होईपर्यंत

कचरू प्रेसखाली सापडला त्या दिवसापासून काकासाहेब कामावर गेले नव्हते. वाळूजच्या एका कारखान्यात, पत्रा दाबून सुटे भाग काढणाऱ्या प्रेस शॉपचे ते सुपरवायझर होते. सकाळी गारखेड्याच्या कोपऱ्यावर कंपनीची बस पकडायची आणि अंधार पडायच्या आत घरी यायचं, हे लग्नाच्याही आधीपासून चालत आलेलं. आता बस कोपऱ्यावर यायची, हॉर्न वाजवायची, जरा थांबायची आणि निघून जायची. पुढं पुढं ड्रायव्हरनं हॉर्न वाजवणं सोडलं.

कचरू त्यांच्या हाताखालचा ऑपरेटर, मूळचा फर्दापूरचा. प्रेससमोर सेन्सर असतो. माणसाचा हात किंवा डोकं आत असलं तर मशीन खाली येतच नाही. त्या मशीनचा सेन्सर बिघडला होता आणि प्रेस कारण नसताना सारखी बंद पडायची. माल वेळेवर जाईना. मॅनेजर म्हणाले, दुरुस्तीवाला येईपर्यंत सेन्सर बंद ठेवून चालवा. सेन्सरची चावी काकासाहेबांच्या ताब्यात असायची. त्यांनी ती फिरवली. दुपारच्या पाळीला कचरू आत अडकलेला पत्रा काढायला वाकला, आणि प्रेस खाली आली.

त्या दिवशी घरी आल्यावर काकासाहेबांनी बूटही काढले नाहीत. दाराशी उभ्या राहिलेल्या बायकोला एवढंच म्हणाले, "सुरेखा, चावी मी फिरवली होती." त्यानंतर महिनेच्या महिने गेले, तरी त्यांच्या तोंडून याहून मोठं वाक्य निघालं नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप यायची, पण जेवण जायचं नाही. दिवसभर ते पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून राहायचे. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तर बंद टीव्हीकडं बघायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी सायली नाशिकला नोकरीला होती. दिवाळीला आली तेव्हा तिला वडिलांची ही दशा बघवेना. दुसऱ्याच दिवशी ती रिक्षात घालून काचेची एक मोठी टाकी घेऊन आली. सोबत काळ्या मातीची पिशवी, वाळलेल्या लाकडाचा एक वेडावाकडा ओंडका, फिल्टर, आणि ओल्या कागदात गुंडाळलेली पाण्यातली झाडं.

"बाबा, मला एकटीला जमणार नाही हे. हात लावा," ती म्हणाली.

काकासाहेब उठले. टाकी टेबलावर बसवली, सरळ बसली की नाही ते बघितलं, एका पायाखाली पुठ्ठा घातला. सुरेखा आत करंज्या तळत होती. तळता तळता तिला बाहेरचं बोलणं अर्धंमुर्धं ऐकू येत होतं.

"मासे लगेच नाही सोडायचे," सायली सांगत होती. "नव्या पाण्यात अमोनिया होतो. या मातीतून सुटतो, माशांच्या घाणीतून सुटतो. तो विषारी असतो. मग हळूहळू पाण्यात जिवाणू वाढतात, ते अमोनिया खातात आणि त्याचं नायट्राइट होतं. तेही विषच. मग दुसऱ्या जातीचे जिवाणू येतात, ते नायट्राइट संपवतात. त्यातून जे उरतं ते झाडं खातात. हे चक्र एकदा बसलं की पाणी तयार. तोवर आत एकही जीव टाकायचा नाही."

"किती दिवस लागतात?"

"महिना. कधी जास्तही."

"लागू दे," काकासाहेब म्हणाले.

सुरेखानं झारा कढईत तसाच ठेवला आणि दारात येऊन उभी राहिली. तिनं त्यांचा तो आवाज कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

सायली गेली आणि टाकी काकासाहेबांची झाली. नळ आठवड्यानं यायचा, तोही कधी टळायचा. नळाच्या पाण्याला औषधाचा वास असायचा, म्हणून ते टाकीसाठी वेगळा ड्रम भरून ठेवायचे आणि वास उडाला की मगच ते पाणी वापरायचे. रोज सकाळी काचेच्या छोट्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचे, त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि उजेडाला धरून रंग बघायचे. रंग जितका हिरवा तितका अमोनिया जास्त. सुरुवातीला तो गडद हिरवाच यायचा. झाडांची पानं सडून गळाली. ओंडक्याचा रंग उतरून पाणी चहासारखं झालं, लाकडावर पांढरी बुरशी धरली. सुरेखाला वाटलं, आता हे कंटाळतील. पण ते सडलेली पानं कात्रीनं कापून काढायचे, थोडं पाणी बदलायचे, आणि पुन्हा खुर्ची टाकीकडं वळवून बसायचे. वीज गेली आणि फिल्टर बंद पडला की तेवढे अस्वस्थ व्हायचे. ती येईपर्यंत उभेच असायचे.

मधे सुरेखाचा भाऊ बन्सी देवगाव रंगारीहून वांगी आणि हरभऱ्याची भाजी घेऊन आला. टाकीसमोर उभा राहून म्हणाला, "दाजी, मासं कुठंयत?"

"पाणी तयार नाही अजून."

"आमच्या विहिरीचं पाणी कोणी तयार केलं होतं? लई मासं हायेत तिच्यात."

"विहिरीला घाई नव्हती," काकासाहेब म्हणाले.

बन्सी हसला. सुरेखा हसली नाही. ते इतक्या जपून का वागताहेत, हे तिला तेव्हा जरासं कळलं. पण ती त्यावर बोलली नाही. त्या विषयावर बोललं की ते दोन दिवस जेवत नसत.

थंडी सरत आली होती. एका सकाळी त्यांनी तिला हाक मारली. ती ओल्या हातानंच बाहेर आली. त्यांनी नळी तिच्यासमोर धरली. आतलं पाणी लिंबासारखं पिवळं होतं.

"अमोनिया शून्य," ते म्हणाले. "म्हणजे जिवाणू लागले कामाला. आता नायट्राइट वर चाललंय, ते उतरलं की झालं."

ते बोलताना किंचित हसले होते. सुरेखानं तेवढं हसणं बघितलं. नायट्राइटचं वाक्य नुसतं तिच्या कानांवरून गेलं. त्या दिवशी त्यांनी मागून दुसरी भाकरी घेतली. तिनं आत जाऊन पदरानं डोळे पुसले आणि लगेच सायलीला फोन केला.

त्याच आठवड्यात कंपनीतून निरोप आला. अपघाताची चौकशी होती आणि काकासाहेबांना जबाब द्यायला बोलावलं होतं.

जायच्या दिवशी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. चहाचा कप हातात धरून म्हणाले, "मी सांगणार आहे. जे झालं ते सगळं सांगणार आहे. मॅनेजर काय म्हणाले ते, आणि मी काय केलं ते."

"सांगा," सुरेखा म्हणाली. "तुम्हालाच बरं वाटेल."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. बघू."

ते गेल्यावर तिला घरात बसवेना. आज ते दमून येणार, कदाचित सगळं गमावून येणार. घरी आल्यावर त्यांना काहीतरी चांगलं दिसलं पाहिजे, असं तिच्या मनानं घेतलं. पाणी आता काचेसारखं स्वच्छ झालेलं होतं. झाडांना नवे कोंब फुटले होते. अमोनिया शून्य झालाय, हे तर त्यांनीच तिला बोलावून दाखवलं होतं. तिनं रिक्षा केली आणि गुलमंडीला गेली. तिथल्या एका बोळात अफजलचं माशांचं दुकान होतं. सायलीनं टाकी तिथूनच घेतली होती.

"मासे पाहिजेत," ती म्हणाली. "छोटे, रंगीत. झाडांत चांगले दिसतील असे."

अफजलनं निळ्या-लाल पट्ट्याचे निऑन मासे दाखवले. "भाभी, टाकी तयार आहे ना? हे मासे लई नाजूक."

"आहे. अमोनिया शून्य आलाय."

दुकानात गर्दी होती. "मग ठीक आहे," म्हणत त्यानं जाळी पाण्यात घातली.

घरी येऊन तिनं पिशवी आधी तशीच टाकीत तरंगत ठेवली, कारण अफजलनं तसं सांगितलं होतं. मग तोंड सोडलं. मासे एकेक करून बाहेर आले, एका कोपऱ्यात गोळा झाले आणि थोड्या वेळानं झाडांमधून फिरायला लागले. हिरव्या पानांमधून त्या निळ्या रेघा हलताना बघून तिला भरून आलं. टाकी पहिल्यांदाच जिवंत दिसत होती. तिनं खुर्ची पुसली आणि टाकीसमोर नीट मांडून ठेवली. मग गुळाचा शिरा करायला आत गेली.

दुपार उतरणीला लागली तेव्हा काकासाहेब आले. सुरेखा दारातच उभी होती. "आत या, डोळे मिटा," असं काहीतरी ती म्हणणार होती, पण त्यांचा चेहरा बघून बोलली नाही. ते तिच्या बाजूनं आत गेले आणि टाकीसमोर थांबले.

मासे आता झाडांत नव्हते. सगळे वर आले होते, पाण्याच्या अगदी वरच्या थराला तोंड लावून भराभर कल्ले हलवत होते. दोन तळाशी आडवे पडले होते.

"हे कोणी टाकले?"

"मी," ती म्हणाली. "तुम्ही म्हणलात ना, शून्य झालं म्हणून."

त्यांनी दुसऱ्या औषधाची बाटली काढली, नळी भरली, थेंब टाकले. पाणी बघता बघता गडद जांभळं झालं. त्यांनी नळी खाली ठेवली.

"नायट्राइट आहे. अंगात भिनलं की रक्तच हवा घेईनासं होतं. बादली आण. धुतलेली, साबण न लागलेली."

तिनं बादली आणली. ड्रमचं झाकण उघडलं तर तळाला वीतभर पाणी होतं. नळ उद्या यायचा होता. ते पाणी बादलीत ओतलं, पण पुरेना. मग प्यायच्या पाण्याचे जार होते ते दोन्ही आणले. काकासाहेब शर्टाच्या बाह्या वर करून चहाच्या गाळणीनं एकेक मासा उचलून बादलीत सोडत होते. घाईत मासा गाळणीतून निसटायचा आणि पुन्हा पकडावा लागायचा. सगळे बादलीत आल्यावर त्यांनी फिल्टरची हवेची नळी बादलीत सोडली, मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि चिमूटभर मीठ टाकलं. मग दोघंही बादलीच्या दोन बाजूंना जमिनीवर बसले.

"वाचतील का?" तिनं विचारलं.

"माहीत नाही."

पहिला मासा त्यांच्या डोळ्यांदेखत उलटा झाला. काकासाहेबांनी तो बोटानं सरळ केला. तो पुन्हा उलटा झाला.

"तुम्ही मला बोला," सुरेखा म्हणाली. "काहीतरी बोला. शिव्या द्या."

"तुला काय बोलू," ते म्हणाले. मग बादलीकडंच बघत म्हणाले, "मी हो म्हणालो."

"कशाला?"

"तिथं मॅनेजर होते, वकील होता, अजून दोघं होते. सगळं त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. वकिलानं विचारलं, चावी तुमच्या टेबलावर होती, ती न विचारता कचरूनं घेतली आणि सेन्सर बंद केला, हे खरं का? मी मॅनेजरकडं बघितलं. ते खिडकीकडं बघत होते. मला वाटलं, आता बोलायचं. तोंडात शब्द आलाही होता." ते थांबले. "आणि मी हो म्हणालो. एकदाच विचारलं त्यांनी. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतं. पण दुसऱ्यांदा कोणी विचारलंच नाही. म्हणाले, या तुम्ही, चहा घेऊन जा."

सुरेखाला आठवलं, सकाळी ती म्हणाली होती, तुम्हालाच बरं वाटेल.

"म्हणजे आता कचरूचीच चूक," ती हळूच म्हणाली.

"हो. कचरूचीच."

दिवस मावळेपर्यंत निम्मे मासे गेले होते. उरलेले दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. नळ आला तेव्हा शेवटचा एक बादलीच्या कडेला लागून अजून हलत होता. सुरेखा पाणी भरायला धावली आणि परत आली तोवर तोही आडवा झाला होता. काकासाहेबांनी सगळे वाटीत घेतले आणि अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुडाशी पुरले. शिरा कोणी खाल्लाच नव्हता. तो तिनं तसाच गाईला घातला.

पुढच्या आठवड्यात काकासाहेब आपणहून कंपनीत गेले. जबाब बदलायचा आहे, असं मॅनेजरांना सांगितलं. मॅनेजरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, "काका, प्रकरण बंद झालंय. वर पोचलंय सगळं. आता तुम्ही असं काही बोललात तर लोक म्हणतील, यांचं डोकं ठिकाणावर नाही. तुमच्या गोळ्या चालू आहेत ना? तब्येतीकडं बघा. हवी तितकी सुट्टी घ्या." काकासाहेब पोलिसांकडंही जाऊन आले. तिथल्या माणसानं शांतपणे ऐकून घेतलं आणि कंपनीचं पत्र आणा म्हणून सांगितलं. त्यानंतर त्यांनी नोकरीचा राजीनामा पाठवून दिला. तो लगेच मंजूर झाला.

माशांचं सायलीपासून लपवता आलं नाही. ती फोनवर रडली, म्हणाली, मी आईला नीट समजावून सांगायला हवं होतं. काकासाहेब तिला म्हणाले, "तू नीटच सांगितलं होतंस." ते रोज रंग बघत राहिले, पण आता त्यात काही गोडी दिसत नव्हती. दात घासावेत तसं ते चालायचं. झाडं मात्र जोमानं वाढली. लांब पट्ट्यांसारखी पानं वर येऊन पाण्यावर आडवी पसरली. उन्हं कडक व्हायला लागली तेव्हा एका सकाळी ते म्हणाले, "पाणी तयार झालं. दोन्ही शून्य आहेत."

सुरेखा जवळ आली. "मासे आणू? तुम्ही निवडा या वेळी."

"नको."

"मग एवढे दिवस कशासाठी बघितलं?"

"मला वाटलं होतं, एवढं तरी मी नीट करीन," ते म्हणाले. मग नळी धुऊन उपडी ठेवली. "उद्या फर्दापूरला जाऊ. तू चल सोबत. मला एकट्याला जमणार नाही."

दुसऱ्या दिवशी ते एसटीनं निघाले. सिल्लोड गेलं, अजिंठ्याचा घाट उतरला. कचरूची आई आवडाबाई लेण्यांकडं जाणाऱ्या फाट्यावर पत्र्याच्या शेडमध्ये चहा आणि भाजलेली कणसं विकायची. तिनं त्यांना लांबूनच ओळखलं.

"साहेब, तुमी मातीला आल्ते," ती म्हणाली. तिनं बाकडं पुसलं आणि चहाचं आधण ठेवलं.

काकासाहेब बसले नाहीत. उभ्या उभ्याच त्यांनी सगळं सांगितलं. सेन्सर बिघडल्याचं, मॅनेजरांचं, चावी त्यांनी फिरवल्याचं, आणि चौकशीत ते हो म्हणाल्याचं. काहीच लपवलं नाही. आवडाबाई चुलीतलं लाकूड मागं-पुढं करत ऐकत होती. ते थांबले तेव्हा चहा उतू गेला होता. तिनं भांडं खाली घेतलं.

"कंपनीचा माणूस आल्ता," ती म्हणाली. "म्हणला, बाई, तुमच्या पोरानंच चावी फिरवली. म्हणला, लई सांगायचो, पण ऐकत नव्हता." तिनं हात लुगड्याला पुसले. "तवापासून म्या रोज त्याच्या फोटूसंगं भांडते. म्हणते, तुला कसली घाई झाल्ती रं. आईचा इचार नाय आला तुला. हार घातला नाय म्या त्याला. वर्षश्राद्धसुदिक घालायचं नाय म्हणले व्हते."

पर्यटकांची एक गाडी येऊन थांबली आणि कणीस मिळेल का म्हणून विचारून निघून गेली.

"आता ते समदं बोललेलं म्या कसं माघारी घेऊ?" आवडाबाई म्हणाली. "कुणापाशी जाऊन घेऊ?"

"माझं चुकलं," काकासाहेब म्हणाले.

"त्या मॅनेजरनं सांगितलं, तर तुमाला नाय म्हणता येत नव्हतं व्हय?"

"येत होतं."

तिनं मान हलवली. त्यांना ती शिव्या देईल, हाकलून देईल, असं सुरेखाला वाटलं होतं. तिनं दोन कपांत चहा गाळला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

"प्या," ती म्हणाली. "दुरून आलात. पण आता परत येऊ नका. तुमाला बघितलं की मला तो आत वाकलेला दिसतो."

त्यांनी चहा घेतला. परतीची बस मिळाली, दोघांना जागाही मिळाली. घरून निघताना सुरेखाला वाटलं होतं, एकदा सांगून टाकलं की त्यांच्या मनावरचा भार उतरेल, निदान थोडा तरी. ती त्यांच्याकडं अधूनमधून बघत होती. काहीच उतरलं नव्हतं. फक्त फर्दापूरच्या त्या शेडमध्ये कालपर्यंत लेकावर चिडून का होईना, दिवस काढणारी एक म्हातारी आजपासून स्वतःवर चिडणार होती.

सिल्लोडला बस थांबली. लोक खाली उतरले. काकासाहेबांनी खिडकीकडची मान वळवली आणि विचारलं, "सुरेखा, तिला सांगायला नको होतं का गं?"

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांचा हात गार पडला होता, आणि तिनं धरला तरी त्यांनी तिचा धरला नाही. लोक परत चढले, कंडक्टरनं घंटी मारली आणि बस निघाली.